सुतकातली मेंढी

माझी पत्नी वारली तेव्हा आमच्या घरी एक पाहुणी होती. नॉर्वेहून आलेली, लोकरीची, हातभर लांब, एक पाय आखूड. ती मेंढी होती.

हे वाक्य मी अनेकदा लिहून खोडले, कारण कसेही लिहिले तरी वाचणाऱ्याला हसू येते. येऊ दे. समाचाराला आलेल्या लोकांनाही येत होते, आणि ते त्यांना नीट दाबताही येत नव्हते.

जगात असे काही लोक आहेत, जे आपली खेळणी टपालाने अनोळखी माणसांकडे पाठवतात. ज्याच्याकडे खेळणे जाते त्याने त्याला आपले गाव दाखवायचे, फोटो काढायचे आणि एका संकेतस्थळावर खेळण्याच्या नावाने रोजनिशी लिहायची. मग पुढच्या यजमानाकडे रवाना करायचे. अशा रीतीने अस्वले आणि बदके सगळी पृथ्वी पाहून येतात. मालक घरीच असतो. गड्याला काशीला पाठवून पुण्य आपण घ्यावे, तसा हा प्रकार. मला तो पहिल्यापासून खुळचट वाटत आला आणि अजूनही वाटतो.

पत्नी पोलादपूरच्या प्राथमिक शाळेतून निवृत्त झाली तेव्हा कुणाच्या तरी मुलीने तिला हे फोनवर दाखवले. मी महाडच्या कॉलेजात ग्रंथपाल होतो. पुस्तके परत न करणारी माणसे सोडली तर जगाशी माझे वैर नव्हते, आणि फारशी मैत्रीही नव्हती. आम्हांला मूल नाही. एवढे सांगितले की लोक लगेच त्या खेळण्यांचा अर्थ लावून मोकळे होतात, म्हणून मी ते सांगायचे टाळतो. खरे कारण साधे होते. तिला पाहुण्यांची आवड होती आणि आमच्याकडे पाहुणे येत नव्हते. नातेवाईक सगळे मुंबईला आणि पुण्याला. महामार्गाचे काम चालू आहे, हे कारण त्यांना इतकी वर्षे पुरले की काम संपले असते तर त्यांची पंचाईत झाली असती. दर दिवाळीला फोन यायचा, “यंदा नक्की.” त्यांचे ते यंदा उजाडायच्या आत जर्मनीहून ससा येऊन पोहोचला.

आम्ही दोघांनी मिळून पाहिलेले जग आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरपर्यंत. तेही तिच्या शाळेच्या सहलीबरोबर, पोरांची डोकी मोजत. सशाच्या फ्रॉकला मात्र ज्या देशांचे बिल्ले लावलेले होते, त्यांतल्या काही देशांची नावे मला नकाशात शोधावी लागली.

या रोजनिश्यांतली खेळणी भयंकर आनंदी असतात. कुठेही जावोत, त्यांना फार मजा येते. पुलावर मजा, चर्चमध्ये मजा, पावसात मजा. कुठल्या अस्वलाला कधी कंटाळा आला, कुणाचे कुणाशी पटले नाही, असे सहसा वाचायला मिळत नाही. माझ्या पत्नीला हे जमत नसे. ती शाळेतल्या फळ्यावर लिहावे तसे लिहायची: ‘आज लाईट नव्हती. बसून राहिले.’ किंवा, ‘पोलादपूरला गेलो. बाईंच्या भावजयीने चहा विचारला, पण उशिरा.’ मी त्याचे इंग्रजी करून द्यायचो. भावजयीचे वाक्य मी गाळायचो, तर ती पुन्हा घालायला लावायची.

चवदार तळ्यावर ती सशाला घेऊन गेली त्या दिवशी तिने लिहिले, ‘या पाण्याला हात लावता यावा म्हणून इथे माणसांना लढावे लागले, असे बाईंनी सांगितले. मी ससा आहे. मला कोणी अडवले नाही.’ मी ते इंग्रजीत जसेच्या तसे उतरवले आणि माझ्या भाषांतरावर खूश झालो. दुसऱ्या दिवशी खाली कुणीतरी लिहिले होते, ‘किती सुंदर तलाव!’ आणि पुढे तीन बदाम.

ससा निघायच्या वेळी घोटाळा झाला. अंगात फ्रॉक असल्यामुळे तो ससा बाईमाणूस ठरला होता. आणि बाईमाणूस आपल्या घरातून निघाले की त्याची ओटी भरायची, हे माझ्या पत्नीच्या हाडात बसलेले होते. मी म्हणालो, “अगं, तिचं लग्न झालंय का, ते तरी विचार.”

“कुमारिकेचीही भरतात,” ती म्हणाली. “रिकामी पाठवू होय? लोक काय म्हणतील?”

कुठले लोक, हे मी विचारले नाही. तिने हातरुमालाएवढा खण घेतला, त्यात मूठभर तांदूळ, हळकुंड, सुपारी. नारळही घालणार होती, पण टपालखर्च ऐकून थांबली. सशाच्या कपाळाला ठसठशीत हळदीकुंकू लावले आणि खोके न्यूझीलंडला गेले.

तिथल्या कस्टमवाल्यांनी ते उघडले. धान्य, बी-बियाणे त्या देशात नेता येत नाही. त्यांनी तांदूळ, हळकुंड आणि सुपारी काढून घेतली आणि तशी चिठ्ठी आत ठेवून ससा सोडून दिला. पुढच्या यजमानीण बाईंना खोक्यात काय दिसले? चुरगळलेले कापड आणि कपाळावर लाल डाग. त्यांनी त्याच दिवशी लिहिले, ‘आमची पाहुणी वाटेत जखमी झाली आहे, पण मोठी धीराची आहे.’ सोबत फोटो. ससा धुऊन पुसून पांढरा केलेला, डोक्याला पट्टी. जगभरातून त्याला आराम पडावा म्हणून शुभेच्छा आल्या. पट्टी निघाली त्या दिवशी तर आनंदीआनंद झाला.

पत्नीने तो पट्टीचा फोटो दोन दिवस पुन्हा पुन्हा उघडून पाहिला. मग म्हणाली, “काळजी घेतली हो तिनं. तुमच्या पुण्याच्या बहिणीनं घेतली नसती.”

त्यानंतर तिने स्वतःची युक्ती काढली. पांढऱ्या दोऱ्याला बारीक घट्ट गाठ मारायची आणि दोन्ही टोके कापायची. लांबून पाहिले तर तांदळाचा दाणा. सुपारीऐवजी तपकिरी बटण, हळकुंडाऐवजी पिवळ्या कापडाची सुरळी, कुंकवाऐवजी टिकली. दुपारभर ती खिडकीत बसून असे तांदूळ करायची आणि एका डबीत साठवायची. पुढे आलेल्या साऱ्या पाहुण्या अशी ओटी घेऊन गेल्या. कुठल्याही देशाने हरकत घेतली नाही. ते बटण कसले, हेही कुठल्याही देशाने विचारले नाही.

मेंढी आली तेव्हा पत्नीला धाप लागायला सुरुवात झाली होती. मेंढीला किल्ला दाखवायचा होता, तुडीलला नदीकाठी न्यायचे होते; काहीच झाले नाही. ती रोजनिशीत लिहायची, ‘आज बाईंना बरे नव्हते. आम्ही दोघी खिडकीत बसलो. म्हशी गेल्या.’ मी इंग्रजी करायचो. मग एका दुपारी ती गेली. त्या दुपारबद्दल मी इथे लिहिणार नाही. मेंढी तिच्या मांडीवर होती, एवढे पुढच्या गोष्टीसाठी सांगणे भाग आहे. डबीत थोडे तांदूळ तयार होते आणि सुईत दोरा ओवलेला होता.

आमच्याकडे सुतकाच्या घरी लोक येतात, भिंतीला टेकून बसतात, आणि उठताना ‘येतो’ म्हणत नाहीत. नुसते उठून जातात. ही पद्धत मला त्या दिवसांत फार आवडली. फक्त बसण्याच्या वेळात लोक बोलत, तेवढे सोसावे लागे. आणि प्रत्येकाची नजर फिरून खिडकीतल्या खुर्चीवर जाई. तिथे मेंढी बसलेली होती. तिला हलवावे असे मला सुचले नाही, आणि दुसऱ्या कुणाला धीर झाला नाही.

तुडीलच्या माझ्या आत्याने मात्र पहिल्याच दिवशी विचारले, “ही कोन रे?”

“मेंढी आहे, आत्या. नॉर्वेची.”

“कुठं आला ता?”

“लांब. थंड मुलूख.”

आत्याने विचार केला. “मंग तिला सुतक नाय. परक्या गोताची हाय. पन पाठवू नको हां तिला दहा दिस. सुतकाच्या घरातनं वस्तू बाहेर नाय काढायची.”

कॉलेजातले एक निवृत्त प्राध्यापक आले होते. त्यांना मेंढीची हकिगत सांगितली तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, “शेवटी आपण सगळेच प्रवासी.” मी मेंढीकडे पाहिले. त्या खोलीत असे काही न बोललेली ती एकटीच उरली होती.

माझा मेहुणा, पत्नीचा धाकटा भाऊ, पोलादपूरकडच्या गावाहून आला. रडून रडून त्याचे डोळे सुजले होते. तो खाली मान घालून भिंतीला टेकला. मग मान वर न करताच हळूच म्हणाला, “भावोजी, अंगानं भरलेली हाय हो. बिरवाडीच्या बाजारात उभी केली तर गिऱ्हाईक लगेच गावंल.” म्हणाला आणि पुन्हा रडायला लागला. इतक्या वर्षांत तो माणूस मला पहिल्यांदा आवडला.

दहाव्या दिवशी मी सावित्री नदीच्या घाटावर होतो. सुतक फिटते त्या दिवशी घर धुतात. मेहुण्याची बायको, माझ्या पत्नीची ती चहा उशिरा विचारणारी भावजय, पहाटेपासून पदर खोचून कामाला लागली होती. मी घरी परतलो तेव्हा अंगणातल्या तारेवर चादरी होत्या, पडदे होते, उशांचे अभ्रे होते, आणि माझ्या दोन धोतरांच्या मध्ये, कानांना चिमटे लावून, मेंढी टांगलेली होती. ती हातभराची वीतभर झाली होती. लोकर आवळून घोंगडीसारखी टणक झाली होती. आखूड पाय तेवढा आता वेगळा ओळखू येत नव्हता, कारण चारही तसेच झाले होते.

“वहिनी, हे काय केलंत?”

“धुतली.” त्या बादली उपडी करत म्हणाल्या. “वन्सांच्या मांडीवर होती ना ती शेवटाला? मंग तिला सुतक नाय तं कोनाला?”

“अहो, आत्या म्हणाली होती—”

“आत्यांचं काय जातंय बोलायला? बंब मी पेटवला.”

संध्याकाळी मी मेंढी काढून पुन्हा खुर्चीवर ठेवली. खुर्ची फार मोठी दिसू लागली होती.

महिन्याने संकेतस्थळावर तिच्या मालकिणीचा निरोप आला. ‘माझ्या मेंढीची बातमी नाही. ती बरी आहे ना? तिला आता पुढे न पाठवता घरीच पाठवावे, असे मला वाटते.’ मी उत्तर दिले नाही. मेंढी आटली होती, हे एक. पत्नी गेल्याचे लिहिले असते तर त्या सगळ्या बदकांनी आणि अस्वलांनी माझे सांत्वन केले असते, हे दुसरे. पण खरे सांगायचे तर मला ती पाठवायचीच नव्हती. घरात पाहुणी असताना माझी पत्नी कधी बाहेरगावी गेली नव्हती. हा युक्तिवाद मी कॉलेजात कुणाचा ऐकून घेतला नसता. घरी मात्र तो मला रोज सकाळी पटत असे.

दुसरा निरोप आला तेव्हा मी शास्त्राचा आधार घेतला. लिहिले: आमच्याकडे घरात मृत्यू झाला की वर्षभर शुभकार्य करीत नाहीत. ओटी भरणे हे शुभकार्य आहे. ओटी भरल्याशिवाय पाहुणीला पाठवीत नाहीत. तरी वर्षभर थांबावे. आयुष्यभर मी ज्या नियमांना हसलो त्यांच्या आड मी असा आरामात जाऊन बसलो. वाचणाऱ्यांना ते फारच आवडले. ‘किती सखोल परंपरा!’ असे एकाने लिहिले. दुसऱ्याने विचारले, ही प्रथा किती प्राचीन आहे? मी लिहिले, फार. मालकीण एवढेच म्हणाली, ‘तुमच्या दुःखाबद्दल वाईट वाटले. मी थांबेन.’ आटल्याचे मी तिला कळवलेच नव्हते.

वहिनी दर महिन्याला मासिक श्राद्धाच्या स्वयंपाकाला यायच्या. जाताना पिशवीत काहीतरी असायचे. पहिल्यांदा साड्या गेल्या, मग तांब्याची कळशी, मग शिवणाचे मशीन. मी नाही म्हटले नाही. वस्तू जातात, त्याचे मला एवढे नव्हते. मग एकदा हात पुसता पुसता त्या म्हणाल्या, “भावोजी, ती मेंढी आमच्या नातीला द्या. उगाच धूळ खातेय.”

“ती देता येणार नाही. ती पाहुणी आहे.”

“मंग पाठवा की तिला.”

मी त्यांना वर्षाचा नियम सांगितला. त्या कमरेवर हात ठेवून ऐकत राहिल्या.

“कोन सांगतं तुम्हाला हे? आपल्या घरचं लग्न, मुंज नाय करायची वरीसभर. पाहुनीला डांबून ठेवा असं कोनी सांगितलंय? पुस्तकं वाचून काय बी ठोकताय.” मग खुर्चीकडे बोट करून म्हणाल्या, “एक काय ते धरा. पाहुनी असंल तं तिची ओटी भरा नि वाटंला लावा. वरीसभर ऱ्हाणार असंल तं ती पाहुनी नाय, घरची झाली. नि घरची असंल तं आमच्या नातीला द्या. वन्सांची वस्तू त्यांच्या भाचरांकडं जायला नको?”

मी पस्तीस वर्षे ग्रंथालयात काढली, त्यात वादाची पुस्तके पुष्कळ होती. यातून निसटायला वाट सापडली नाही. मेंढी घरची आहे असे म्हणणे मला जड नव्हते. पण मग ती पिशवीत घालून पोलादपूरला गेली असती. आणि पाहुणी म्हटले तर माझ्याच पत्नीच्या नियमाने तिला जायला हवे होते. पत्नीने कुणाला ठेवून घेतले नव्हते. ती पाहुण्यांच्या येण्यावर जेवढी खूश असे तेवढीच त्यांना नीट वाटेला लावण्यावर.

“पाठवतो,” मी म्हणालो. “पण ओटी तुम्हांला भरावी लागेल. मला चालत नाही.”

“भरते की. त्यात काय मोठंसं?”

डबीतले तांदूळ पुरेसे नव्हते. सुईतला दोरा तसाच होता. त्यानेच मी उरलेल्या गाठी मारल्या. ग्रंथपालाला पुस्तक शिवायची गाठ येते, तांदळाची नाही. माझे दाणे वाटाण्याएवढे झाले. वहिनींनी ते तळहातावर घेऊन पाहिले आणि म्हणाल्या, “हा काय जाडा भरडा आनलाय रेशनचा?” मग मेंढीला मांडीवर घेतले, तिच्या पोटाशी खण बांधला, कपाळावर टिकली दाबून बसवली. टिकली टणक लोकरीवर चिकटेना, तेव्हा थुंकी लावली. “जा गो बाय,” त्या म्हणाल्या. “नीट जा. आमच्या वन्सांनी तुला सांभाळली, ते इसरू नको.” मग माझ्याकडे वळून, “बोला की तुम्ही. ये परत म्हना.”

सुतक फिटून कितीतरी दिवस झाले होते, तरी ते माझ्या तोंडातून चटकन निघेना. शेवटी म्हणालो.

टपाल कचेरीत खिडकीतल्या माणसाने विचारले, “आत काय आहे, सर?”

“मेंढी.”

त्याने खोके कानाशी नेऊन हलवले. तो माझ्याच कॉलेजचा विद्यार्थी होता. एक कादंबरी अजून त्याच्याकडे असावी. “गेल्या वेळी मॅडम आल्या होत्या, तेव्हा बदक होतं,” तो म्हणाला आणि शिक्का मारला. समाचाराला आलेल्या लोकांपैकी कुणीही मला याहून बरे काही बोलले नव्हते.

घरी आलो तर वहिनी पिशवी भरून निघायच्या तयारीत होत्या. दारातून म्हणाल्या, “खरे तांदूळ बी घातलेत हां चिमूटभर. खणाच्या आत. दोऱ्याच्या तांदळानं कोनाचं पोट भरतं?” मी काही बोलायच्या आत त्या रिक्षात बसल्या होत्या.

आता रोजनिशी उरली होती. प्रत्येक यजमानाने शेवटचे पान लिहायचे असते. मी आधी इंग्रजीत लिहायला घेतले. चार ओळींत तीन विशेषणे आली. ती खोडून मराठीत लिहिले आणि मग नेहमीप्रमाणे भाषांतर केले. ‘बाई वारल्या. दहाव्या दिवशी मला धुतले. मी लहान झाले. मग माझी ओटी भरली आणि मी निघाले.’ गाळण्यासारखे काही सापडले नाही.

पुढे मालकिणीने पोच दिली. खोके कस्टमने उघडले होते आणि तांदूळ काढून घेतल्याची चिठ्ठी आत होती. मात्र चार-दोन दाणे पोटाखालच्या लोकरीत रुतलेले तिला सापडले. ते कशासाठी, हे तिने विचारले, मी सांगितले. तिने मेंढीला खिडकीत ठेवले आहे, खण तसाच बांधलेला आहे. आकाराबद्दल तिने एक अक्षर लिहिले नाही. ही सभ्यता की राग, हे नॉर्वेच्या माणसांचे मला ओळखता येत नाही.

बाकीच्यांनी अपेक्षेप्रमाणे केले. मेणबत्त्या आल्या, इंद्रधनुष्ये आली, एका पेंग्विनने मला मिठी मारली. आणि कुठल्याशा विद्यापीठात शिकवणाऱ्या एका बाईंनी फार आदराने विचारले, ‘“मी लहान झाले” हे वाक्य मनाला भिडले. हे शोकाचे रूपक आहे का?’

मी दोन दिवस विचार केला. मग उत्तर लिहिले: नाही. कढत पाणी, आणि धुण्याचा सोडा.